उतारावरचे पाणी कुठे अडवायचे: पुरुलियातील एका वस्तीचे प्रकरण

ही हकिगत पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातल्या एका लहान वस्तीची आहे. वस्तीचे नाव, ग्रामपंचायतीचे नाव आणि माणसांची ओळख पटेल असे सारे तपशील गाळले आहेत. भूगोल, कारभाराची रचना आणि सरकारी निर्णय मात्र जसेच्या तसे आहेत. पावसाच्या पाण्यावर भात पिकवणाऱ्या कुठल्याही उताराच्या मुलखात हेच प्रश्न थोड्याफार फरकाने उभे राहतात, म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

पार्श्वभूमी

पुरुलिया हा बंगालचा पश्चिम टोकाचा जिल्हा. छोटा नागपूरचे पठार इथे उतरत उतरत बंगालच्या सखल मैदानाला मिळते. क्षेत्रफळ ६,२५९ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या सुमारे २९.३ लाख, आणि त्यातले बहुसंख्य लोक खेड्यांत राहणारे. जुना मानभूम जिल्हा आधी बिहारात होता. बंगाली भाषकांच्या दीर्घ चळवळीनंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याचा पुरुलिया हा भाग पश्चिम बंगालला जोडला गेला, धनबादचा भाग बिहारातच राहिला. ज्या राज्य पुनर्रचनेने आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटले, त्याच पुनर्रचनेतून हा जिल्हाही घडला.

कारभारासाठी जिल्ह्यात ४ उपविभाग, २० ब्लॉक आणि १७० ग्रामपंचायती आहेत. ब्लॉक म्हणजे आपल्या तालुक्यासारखा, त्याची पंचायत समिती आणि त्याचा बीडीओ म्हणजे गटविकास अधिकारी. ग्रामपंचायतीच्या खाली प्रत्येक मतदारसंघाची ग्रामसंसद भरते. ग्रामपंचायतीत अनेक वस्त्या असल्याने लोकांना खरा आवाज मिळतो तो या संसदेतच. ग्रामपंचायतीकडे निर्माण सहायक नावाचा तांत्रिक कर्मचारी असतो. कामाचे अंदाजपत्रक आणि मोजमाप तोच करतो, आणि या प्रकरणात त्याचा वाटा प्रधानाइतकाच, म्हणजे तिथल्या सरपंचाइतकाच, मोठा होता.

पाऊस इथे कमी नाही. वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, आपल्या मराठवाड्यापेक्षा बराच जास्त. तरीही जिल्ह्याची ओळख दुष्काळी. याचे कारण जमिनीच्या ठेवणीत आहे. खाली ग्रॅनाइट आणि नाइसचा कठीण खडक, वर पातळ, मुरमाड, तांबडी माती, आणि सगळीकडे चढउतार. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पडलेले पाणी कांसाई, कुमारी, सुवर्णरेखा, दामोदर या नद्यांकडे वेगाने पळून जाते.

शेतकरी उतारावरच्या जागेप्रमाणे जमिनीला चार नावे देतो. सर्वांत वरची, बहुधा पडीक राहणारी ती टांड. तिच्या खाली बांध घालून पायऱ्या केलेली बाइद, त्याखाली कानाली आणि अगदी तळाशी, सोत्याच्या म्हणजे लहान ओढ्याच्या काठची बहाल. वरची माती आणि ओल दोन्ही वाहून बहालीत जाऊन बसतात, त्यामुळे तिथला भात सहसा दगा देत नाही. बाइदीतही लोक भातच लावतात, पण तिथे आठ-दहा दिवस पाऊस ओढला की बांधीतले, म्हणजे बांध घातलेल्या खाचरातले, पाणी आटते आणि जमीन भेगाळते.

या वस्तीत संथाळ आणि कुर्मी महातो कुटुंबे राहतात, थोडी घरे भूमिहीनांची आहेत. बहाल जमीन मोजक्या जुन्या घरांकडे आहे. बाकीच्यांच्या वाट्याला बाइद आणि टांड. पाण्याच्या प्रत्येक चर्चेमागे ही वाटणी होती, मात्र बैठकीत ती उघडपणे कुणी बोलत नव्हते.

अडचण

बाइदीतला भात दाणे भरण्याच्या वेळी, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरात, वाळायचा. हस्ताचा पाऊस आला तर पीक हाती, नाही आला तर नुसता पेंढा. तेवढ्या भातावर घर वर्षभर चालत नसे. मग लोक नामाल जायचे, म्हणजे बर्धमान, हुगळीच्या सखल भागात भाताच्या मजुरीला. पावसाळ्यात लावणी, हिवाळ्याच्या तोंडावर कापणी, जानेवारीत बोरो म्हणजे उन्हाळी भाताची लावणी, मग त्याची कापणी. यातली पहिली फेरी स्वतःच्या शेतातल्या लावणीच्या आड यायची. घरात रोख पैसा नसल्याने माणूस आधी दुसऱ्याचे शेत लावून यायचा आणि आपली लावणी मागे पडायची. उशिरा लावलेला भात उशिरा पोटरीत येणार आणि नेमका ऑक्टोबरच्या कोरडीत सापडणार.

२०२० च्या टाळेबंदीत बाहेर गेलेली माणसे घरी परतली आणि जॉबकार्डावर काम मागू लागली. ग्रामपंचायतीला कामे हवी होती, वस्तीला पाणी हवे होते. मग ग्रामसंसदेत प्रश्न आला की रोजगार हमीतून पाण्याचे नेमके कोणते काम घ्यायचे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सर्वांच्या डोळ्यांसमोरचा होता, वस्तीच्या जुन्या बांधाचा गाळ काढणे. पुरुलियात मोठ्या तळ्याला बांधच म्हणतात. या बांधाला अनेक हिस्सेदार होते आणि मासळीचा ठेका दरवर्षी दिला जात होता. गाळ काढल्याने पाणी वाढले असते यात शंका नाही. पण बांध उताराच्या मध्यावर, त्याचे पाणी आपोआप उतरते ते कानाली आणि बहालीत. बाइद त्याच्या वर. तिथे पाणी चढवायला पंप, नळी आणि डिझेल हवे, आणि त्याआधी हिस्सेदारांची मर्जी.

दुसरा पर्याय खोल कूपनलिकेचा. तरुणांचा कल इकडे होता. कठीण खडकात पाणी फक्त झिजलेल्या थरात आणि भेगांत सापडते, त्यामुळे एक कूपनलिका लागते आणि शेजारची कोरडी जाते. जिल्ह्याच्या अनेक ब्लॉकांत भूजलात फ्लोराइडही आहे. शिवाय रोजगार हमीत हे काम बसत नाही, कारण त्यात मजुरीचा वाटा नगण्य.

तिसरा, सोत्यावरून उपसा करण्याचा. सोता पौषापर्यंत कसाबसा वाहतो, त्यामुळे रब्बीचे एखादे पीक निघाले असते. फायदा पुन्हा काठावरच्यांचाच.

चौथा पर्याय हापा. ज्याच्या त्याच्या बाइदीच्या तुकड्यात, तुकड्याच्या ५ टक्के जागेत, वरच्या कोपऱ्यात एक खोल खड्डा. त्या शेतावरून आणि वरच्या टांडीवरून वाहणारे पाणी त्यात साठते. ही पद्धत पुरुलिया-बांकुड्यात स्वयंसेवी संस्था आणि पंचायती यांनी बरीच पसरवली आहे. महाराष्ट्रातल्या शेततळ्याशी तिचे नाते आहे, फरक इतकाच की हापाला प्लास्टिकचे अस्तर नसते. झिरपलेले पाणी वाया गेले असे इथे मानत नाहीत. ते खालच्या बांधीत ओल म्हणून निघते.

या चौघांची तुलना खर्चाच्या रकान्यात करणे सोपे होते. या वस्तीत खरा निकष वेगळा होता: पाणी उतारावर नेमके कुठे अडते, आणि त्या जागेच्या खाली कुणाचे शेत आहे. बांध, उपसा आणि कूपनलिका या तिन्हींत पाणी आधीच बऱ्या असलेल्या जमिनीला मिळाले असते किंवा एखाद्या समितीच्या हाती गेले असते. हापाचे पाणी ज्याच्या शेतात पडले त्याचेच. त्याला कुणाची परवानगी मागावी लागत नाही. म्हणून माझ्या मते इथे हापा निवडणे योग्यच होते.

पहिला निर्णय: कुणाच्या शेतात, केवढा

एक एकर म्हणजे ४० गुंठे, त्याचे ५ टक्के म्हणजे २ गुंठे. वरच्या तोंडाला ४५ फूट लांब-रुंद, १० फूट खोल आणि बाजू सरळ एकास एक उताराच्या घेतल्या, तर तळ २५ फुटांचा उरतो आणि खड्ड्यात सुमारे ३५६ घनमीटर पाणी मावते. एकरभर शेतावर पसरले तर ते ८८ मिलिमीटर भरते. भाताला एका पाळीला ५० मिलिमीटर धरले, तर एक पाळी पक्की आणि दुसरी अर्धीमुर्धी. पावसाळ्यात हापा पुन्हा पुन्हा भरतो, त्यामुळे प्रत्यक्षात हाती याहून जास्त येते.

हे गणित एकराचे झाले. वस्तीतल्या बहुतेकांचे तुकडे बिघ्याचे. बंगालचा बिघा एकराचा तिसरा हिस्सा. त्यात त्याच प्रमाणात खड्डा घ्यायचा तर तोंड २६ फुटांचे आणि तळ अवघा ६ फुटांचा, कारण बाजूंचा उतार सगळी जागा खातो. पाणी मावते सुमारे ८२ घनमीटर, म्हणजे त्या बिघ्यावर ६१ मिलिमीटर. जमीन तेवढ्याच प्रमाणात द्यायची आणि पाणी मात्र एक तृतीयांशाने कमी मिळवायचे! ‘५ टक्के’ हा नियम लहान शेतकऱ्याला असा महाग पडतो. कागदावर तो सर्वांना सारखा दिसतो, म्हणून हे लवकर कुणाच्या लक्षात येत नाही.

निर्माण सहायकाने हे आकडे ग्रामसंसदेत पाटीवर मांडून दाखवले, आणि प्रकरणाला पहिले वळण मिळाले. लागून शेते असलेल्या भावांनी आणि चुलत भावांनी दोन-तीन तुकड्यांना मिळून एक हापा घ्यायचे ठरवले. जिथे घरात वाद होता तिथे लोकांनी लहान स्वतंत्र हापाच पसंत केला. त्यांच्यावर कुणी जबरदस्ती केली नाही हे चांगले झाले.

दुसरा अडसर कागदाचा. वैयक्तिक जमिनीवर रोजगार हमीचे काम अनुसूचित जाती-जमाती, दारिद्र्यरेषेखालील आणि अल्प-अत्यल्प भूधारक यांच्यासाठी होऊ शकते. त्यासाठी पर्चा लागतो, म्हणजे आपल्या सातबाऱ्यासारखा उतारा. अनेकांचा पर्चा आजोबांच्या नावावर होता आणि वारसांची नोंद कधी झालीच नव्हती. पंचायतीने सर्व वारसांच्या संमतीपत्रावर काम घ्यायचे ठरवले, त्यामुळे वेळ वाचला. पण वाट्याने शेती करणारे यातून बाहेर पडले. मालकाने संमती दिली तर हापा मालकाच्या नावे होणार, आणि पाणी आल्यावर तो तुकडा वाटेकऱ्याकडे राहीलच याची हमी कोण देणार? दोन वाटेकऱ्यांनी स्वतःच नको म्हणून सांगितले. त्यांची भीती रास्त होती.

दुसरा निर्णय: कुठून सुरुवात

बहालवाल्या घरांची एक हरकत आली. वर इतके खड्डे खणले तर आमच्याकडे येणारे पाणी तुटेल. बैठकीत याकडे स्वार्थ म्हणून पाहणारे बरेच होते, पण प्रश्न खरा होता आणि त्याला उत्तर देणे भाग होते. उत्तर असे की मुसळधार पावसात बहालीला नको इतके पाणी येते आणि ते सोत्यातून निघून जाते. तेच वर अडले तर झिरपून पुढच्या आठवड्यांत खाली येईल. पहिल्या वर्षी फक्त एका उतारावर काम करायचे आणि त्याच्या पायथ्याच्या बहालीत काय होते ते सगळ्यांनी पाहायचे, असे ठरले. या एका तोडग्याने विरोध मावळला.

मात्र वरची टांड तशीच सोडून थेट बाइदीत खणायला सुरुवात झाली. टांडीवर ३० फूट बाय ४० फुटांचे चौकोन आखून प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात लहान खड्डा आणि कडेने बांध घालायचा, म्हणजे माती आणि पाणी जागच्या जागी थांबते. ही पद्धत सर्वांना माहीत होती. पण टांड कुणा एकाची नाही, तिच्यावर गुरे चरतात, त्यामुळे तिच्यासाठी काम मागायला कुणी पुढे आले नाही.

प्रत्यक्ष काम

२०२१ च्या फेब्रुवारीत खणायला सुरुवात झाली. वरचे चार-पाच फूट सोपे गेले, त्याखाली घट्ट मुरूम लागला. रोजगार हमीत मजुरी मोजमापावर ठरते. खोल जावे तसा मुरूम कठीण आणि माती वर चढवण्याची उंचीही वाढते. थरानुसार दर न लावता सरसकट मऊ मातीचा दर लावला, तर मजुराच्या हाती दिवसाची पूर्ण मजुरी पडत नाही. पहिल्या आठवड्यात तसेच झाले आणि बायका चिडल्या. बचतगटाच्या बायकांनी मोजमाप खड्ड्यावरच, सगळ्यांसमोर करायची मागणी केली. त्यानंतर माती, कठीण माती आणि मुरूम असे तीन थर वेगळे मोजले जाऊ लागले. मला हा या प्रकरणातला फार मोलाचा क्षण वाटतो. दरपत्रक तेच राहिले, फक्त ज्या त्या थराला त्याचा दर लागला, फीत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लावली गेली आणि काम टिकले.

खणलेल्या मातीचे काय करायचे यावर मात्र आधी कुणी बोललेच नव्हते. काही शेतांत खालचा मुरूम सरळ बांधीत पसरला गेला आणि तेवढ्या जागेत दोन हंगाम धड काही उगवले नाही. पुढच्या तुकडीत वरची माती वेगळी काढून शेवटी शेतात टाकली गेली, आणि मुरूम काठावर रचून त्यावर तूर, भोपळा, दोडका लावला गेला.

२०२२ च्या जानेवारीत दुसरा उतार हाती घेतला. तेव्हा मजुरी महिनोन्‌महिने उशिरा येत होती, म्हणून बरीच कुटुंबे बोरोच्या लावणीला नामाल निघून गेली. मार्चमध्ये रोजगार हमी कायद्याच्या कलम २७ खाली केंद्राने राज्याचा निधी रोखला आणि कामे थांबली. काही हापा अर्धेच राहिले. चार-पाच फुटांचा खड्डा सगळ्यांत वाईट. जमीन तर गेली, आणि पाणी गरजेच्या वेळेपर्यंत टिकत नाही.

परिणाम

२०२१ ला पाणी भरपूर होते. सप्टेंबरच्या शेवटी दक्षिण बंगालात अतिवृष्टी झाली. हापांची दुष्काळी परीक्षा त्या वर्षी झालीच नाही, झाली ती गाळाची. टांडीवरून आलेल्या लोंढ्याने सर्वांत वरच्या रांगेतले हापा बरेच बुजले, दोन-तीनांच्या कडा ढासळल्या. खालच्या रांगेतल्यांना फारसा धक्का लागला नाही, कारण वरच्यांनी गाळ झेलला होता.

खरी कसोटी २०२२ ची. जून-जुलै कोरडा गेला. शेजारच्या झारखंडने पुढे २२६ ब्लॉक दुष्काळग्रस्त जाहीर केले. हापा पाऊस पडल्यावरच भरणार, त्यामुळे लावणीसाठी शेतभर चिखल करण्याइतके पाणी कुठेच नव्हते. पण तुरळक सरींनी हापांच्या तळाशी दोन-तीन फूट पाणी साठले आणि रोपे वाचली. एकराच्या लावणीला रोपवाटिका साधारण ४ गुंठ्यांची, तिला एक भिजवण द्यायला २० घनमीटर पुरते. ऑगस्टात पाऊस आल्यावर ज्यांची रोपे जिवंत होती त्यांनी लावणी केली. ज्यांची वाळली होती त्यांना बी पुन्हा शोधावे लागले किंवा बाइद पडीक ठेवावी लागली. हापाची शिफारस करताना सगळे ऑक्टोबरच्या पाळीबद्दल बोलले होते. रोपवाटिकेचा उपयोग त्या वर्षी लोकांनी स्वतः शोधून काढला.

पहिल्या उताराखालच्या बहालीत पाणी तुटले नाही, हे बहालवाल्यांनी स्वतः ग्रामसंसदेत सांगितले. काठावरची भाजी घरात येऊ लागली. हापांत सोडलेली मत्स्यबीजे मात्र उथळ पाण्यामुळे नीट वाढली नाहीत.

रब्बीचे स्वप्न पुरे झाले नाही. कापणीनंतर, बांदना सणाच्या पुढे, गुरे मोकळी सोडण्याची इथे जुनी रीत आहे. एकट्या-दुकट्याने मोहरी पेरली तर ती गुरांच्या तोंडी जाते. तीन घरांनी काटेरी कुंपण घालून टोमॅटो घेतले, बाकीच्यांनी हापात पाणी असूनही शेत रिकामे ठेवले. नामालची पावसाळी फेरी काही घरांची थांबली, हिवाळ्यातली बहुतेकांची चालूच राहिली.

काय वेगळे करता आले असते

टांडीपासून सुरुवात करायला हवी होती. ती सामायिक आहे म्हणून तिचे काम ग्रामसंसदेने स्वतः मागायचे, आणि त्या कामात भूमिहीन घरांना सर्वांत जास्त दिवस द्यायचे. त्यामुळे वरच्या रांगेचे हापा वाचले असते आणि ज्यांच्या नावावर शेत नाही त्यांनाही या योजनेत काही मिळाले असते. आज त्यांच्या वाट्याला खणण्याची मजुरी आली, पाणी आले नाही. काही हापांची मासळी त्यांच्या गटाला देण्याची सूचना एका बाईंनी केली होती. ती टिपून घेतली गेली आणि पुढे गेली नाही.

एका वेळी थोडे खड्डे घेऊन ते पूर्ण खोलीपर्यंत नेणे, मगच पुढचे उघडणे, हा साधा क्रम पाळला असता तर निधी थांबल्यावर अर्धवट खड्डे उरले नसते. प्रधानाला एकाच वेळी जास्तीत जास्त हातांना काम द्यायचे होते, म्हणून सगळीकडे एकदम खणले गेले. त्या वेळची निकड मी समजू शकतो, तरी नुकसान खरे आहे.

गुरांचा प्रश्न हापाच्या आधी घ्यायला हवा होता. वस्तीचा बागाल म्हणजे गुराखी पावसाळ्यात सगळ्यांची गुरे राखतो आणि धान्याच्या रूपात मोबदला घेतो. त्याला फाल्गुनापर्यंत ठेवायचे आणि त्याचा मोबदला हापावाल्यांनी भरायचा, असा ठराव २०२२ नंतर एका टोळ्यात, म्हणजे वस्तीच्या एका भागात, झाला. जिथे तो पाळला गेला तिथे मोहरी उभी राहिली.

बाइदीत कुठला भात लावायचा यावर पहिल्या दोन वर्षांत कुणी बोलले नाही. लोक बहालीतलेच उशिराचे वाण वर लावत राहिले. सहभागी धानासारखे १०५-११० दिवसांत येणारे, कोरड सोसणारे वाण २०१० पासून उपलब्ध आहे. ते लावले तर पीक ऑक्टोबरच्या कोरडीआधीच दाण्यावर येते आणि हापातले वाचलेले पाणी पुढच्या पिकाला मिळते.

आणि वाटेकरी. संमतीपत्रात एक ओळ वाढवता आली असती: हापा झाल्यावर अमुक इतकी वर्षे हा तुकडा सध्याच्या कसणाऱ्याकडेच राहील. ती मालकांनी मान्य केली असती की नाही हे विचारल्याशिवाय कळणार नव्हते. दुसऱ्या उतारावरचे अर्धे खड्डे पुन्हा हाती घेताना हा प्रश्न ग्रामसंसदेच्या विषयपत्रिकेवर सर्वांत आधी यायला हवा, कारण त्या उतारावर वाट्याने कसली जाणारी जमीन पहिल्यापेक्षा जास्त आहे.